हप्ता जोत्याआधी हवा: मराठवाड्यातील अग्रणी बँक समित्यांना खुले पत्र

प्रति,
मा. जिल्हाधिकारी तथा अध्यक्ष, जिल्हास्तरीय बँक सल्लागार समिती,
सर्व अग्रणी जिल्हा व्यवस्थापक,
प्रकल्प संचालक, जिल्हा ग्रामीण विकास यंत्रणा,
छत्रपती संभाजीनगर, जालना, परभणी, हिंगोली, नांदेड, लातूर, धाराशिव आणि बीड.

विषय: शिल्लक नसलेल्या कुटुंबांना घरबांधणीचा पैसा वेळेवर मिळण्याबाबत.

महोदय, महोदया,

आम्ही या आठ जिल्ह्यांत घरांची अंदाजपत्रके करतो, पाये आखतो, स्लॅब टाकतो आणि लोकांची कर्जाची कागदे जुळवून देतो. आमच्यात स्थापत्य अभियंते आहेत, गवंडी आहेत, बचत गटांचे हिशेब ठेवणाऱ्या महिला आहेत. तुमच्या तिमाही बैठकीत घरबांधणीचा विषय येतो तो उद्दिष्ट किती आणि साध्य किती एवढ्यापुरता. जोत्यापर्यंत, म्हणजे पायावरच्या चौथऱ्यापर्यंत, येऊन थांबलेले घर त्या तक्त्यात ‘प्रगतीत’ म्हणून दिसते. ते घर का थांबले, हे आम्हाला रोज दिसते, म्हणून हे पत्र लिहीत आहोत. आमची मागणी एकच आहे. ज्या घरात शिल्लक नाही, त्या घराला पैसा टप्पा सुरू होण्याआधी मिळाला पाहिजे. आज तो टप्पा संपल्यावर मिळतो.

आधी हिशेब मांडतो. प्रधानमंत्री आवास योजनेत (ग्रामीण) सपाट भागातल्या घराला १,२०,००० रुपये मिळतात. २०१६ मध्ये योजना सुरू झाली तेव्हाही आकडा हाच होता. त्यावर शौचालयाचे १२,००० आणि रोजगार हमीतून ९० दिवसांची मजुरी, म्हणजे २०२५-२६ च्या ३१२ रुपये दराने २८,०८०. एप्रिल २०२५ मध्ये राज्याने ५०,००० वाढवले, पण त्यातले १५,००० छतावरच्या सौर संचासाठी आहेत, म्हणून बांधकामाला ३५,००० धरू. बेरीज १,९५,०८० होते. योजनेतले घर किमान २५ चौरस मीटरचे, म्हणजे २७० चौरस फुटांचे. विटांच्या भिंतींवर भार घेणारे, साधा स्लॅब असलेले असे घर आमच्या भागात आज साडेतीन लाखांच्या आसपास जाते. घरचे लोक स्वतः बिगारी म्हणून राबले तर तीन-सव्वातीन लाखांत बसते.

तूट दीड लाखाची धरा. ही तूट बँकेच्या कर्जाने भरून निघण्यासारखी आहे. ९ टक्के व्याजाने १० वर्षांसाठी दीड लाखाचा हप्ता महिन्याला १,९०० रुपये बसतो. मजुरी करणारे नवरा-बायको हा हप्ता फेडू शकतात. गावागावांत अर्धवट घरे उभी आहेत ती या दीड लाखापायी कमी आणि पैसा चुकीच्या दिवशी हातात पडतो म्हणून जास्त.

अनुदानाचा पहिला हप्ता १५,००० रुपयांचा असतो. पुढचा हप्ता जोते पूर्ण झाल्याचा फोटो संगणकात चढल्यावर. आता जोत्याला काय लागते ते पाहा. बाहेरून १२ फूट बाय साडेबावीस फूट घर, मध्ये एक आडवी भिंत. भिंतींची एकूण लांबी सुमारे ७८ फूट. मुरूम चार फुटांवर लागला तर अडीच फूट रुंदीचा चर धरून पावणेआठ ब्रास (एक ब्रास म्हणजे १०० घनफूट) खोदाई. त्यात साडेसहा-सात ब्रास दगड, ४० ते ४५ पोती सिमेंट, पावणेतीन ब्रास वाळू. जोत्याच्या वरच्या पट्ट्याला ६० किलो सळई. आत भरणीला चार ब्रास मुरूम, आणि तो थर देऊन, पाणी मारून धुमसलेला. मजुरी आणि वाहतूक धरून हा खर्च ६५,००० च्या आसपास जातो. म्हणजे पुढचा हप्ता मिळवण्यासाठी त्या कुटुंबाने आधी ५०,००० रुपये कुठून तरी उभे करायचे. ज्याच्याकडे ५०,००० आहेत त्याच्यासाठी ही पद्धत ठीक आहे. योजना ज्याच्यासाठी आहे त्याच्याकडे ते नसतात.

हे सगळे मुरूम चार फुटांवर लागला तर. गोदावरी, दुधना, पूर्णा, मांजरा यांच्या काठच्या गावांत काळ्या मातीचा थर कितीतरी जाड असतो. ही माती पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळून आकसते. पाया तिच्यावरच टेकवला तर दोन-तीन वर्षांत खिडकीच्या कोपऱ्यांपासून तिरप्या चिरा सुटतात आणि दार चौकटीत अडकू लागते. म्हणून पाया मुरमापर्यंत नेलाच पाहिजे. सहा फुटांच्या खाली जावे लागले तर सलग चर परवडत नाही. तिथे खाली फुगा असलेले आखूड पाइल, म्हणजे जमिनीत ओतलेले काँक्रीटचे खांब, टाकून वर पट्टा बांधणे स्वस्त पडते. ही पद्धत रुरकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेने काळ्या मातीसाठीच विकसित केलेली आहे. पाइल साधारण साडेतीन मीटर खोल जातात. पण मंजुरीच्या वेळी माती कोणी पाहतच नाही. अंदाजपत्रक सगळ्या गावांना एकच असते. आमची अगदी लहान सूचना अशी: मंजुरीपत्र देण्याआधी जागेवर तीन फूट बाय तीन फुटांचा एक चाचणी खड्डा मुरमापर्यंत घ्यायला सांगा आणि त्याची खोली अर्जात लिहून घ्या. एका माणसाच्या दिवसाभराच्या मजुरीत कळते की या घराचे जोते ६५,००० चे आहे की एक लाखाचे.

पैसे संपतात ते बहुधा चर खोदून, अर्धा दगड आणून झाल्यावर. मे महिना सरतो. जूनचा पहिला मोठा पाऊस पडला की चरात पाणी साठते, बाजूची काळी माती ढासळून आत येते आणि तळाचा मुरूम मऊ पडतो. पाणी ओसरल्यावर तळ पुन्हा वीतभर खाली घ्यावा लागतो. काढलेली माती, पंपाचे डिझेल, पुन्हा लावलेली माणसे हा खर्च कुठल्याच अंदाजपत्रकात नसतो. आधी घेऊन ठेवलेले सिमेंट तोवर पोत्यात गाठी धरते. तीन महिने ठेवलेल्या सिमेंटची ताकद पाचव्या हिश्शाने तरी उतरलेली असते. शिवाय गवंड्याची टोळी कोणासाठी थांबत नाही. ती एकदा दुसऱ्या कामावर गेली की परत यायला दोन महिने लागतात.

मग कुटुंब मिळेल तिथून पैसा उचलते. पहिली जागा सावकार. महिन्याला शेकडा तीन म्हणजे वर्षाला ३६ टक्के. महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, २०१४ खाली ठरलेले दर विनातारण कर्जासाठी शेतकऱ्याला वर्षाला १२ आणि इतरांना १८ टक्के आहेत. तरीही लाखाला महिना ३,००० नुसते व्याज जाते आणि मुद्दल तिथेच उभे राहते. त्याहून वाईट म्हणजे तारण म्हणून जागेचे किंवा एकरभर शेताचे खरेदीखतच करून घेतले जाते. असे खरेदीखत झाले असेल तर त्याच कायद्याखाली जिल्हा उपनिबंधकांकडे अर्ज करून जमीन परत मिळवता येते. हे फार थोड्यांना माहीत आहे.

दुसरी जागा मायक्रोफायनान्सचा गट. इथे कागद कमी आणि पैसा आठवड्यात. पण २४ टक्क्यांनी २ वर्षांच्या मुदतीत लाखाचा हप्ता ५,२८७ रुपये बसतो. तोच लाख बँकेच्या गृहकर्जात ९ टक्क्यांनी १५ वर्षांसाठी घेतला तर १,०१४. जोत्यासाठी म्हणून ६०,००० उचलले तरी महिना ३,१७२ रुपये बांधले गेले. सहा महिन्यांनी ते कुटुंब तुमच्या शाखेत येते तेव्हा शाखाधिकारी पतअहवाल काढतात. महिन्याची मिळकत १५,००० असेल तर हप्त्यासाठी फार तर अर्धे, साडेसात हजार धरतात, त्यातले ३,१७२ आधीच गेलेले असतात, आणि एखादा हप्ता उशिरा भरलेला असेल तर गुणांकही खाली असतो. कर्ज नामंजूर होते किंवा अर्धे मिळते. स्वस्त पैसा उशिरा म्हणून महाग पैसा घेतला, आणि महाग पैशाने स्वस्त पैशाची वाट बंद केली. ही साखळी तोडणे तुमच्या हातात आहे.

आता स्लॅब. जोत्यानंतर भिंती हळूहळू चढवता येतात. पैसे आले की दहा थर, नाही आले तर थांबायचे, त्याने फारसे बिघडत नाही. स्लॅबचे तसे नाही. तो एका दिवसात पडला पाहिजे. वर सांगितलेल्या घराचा स्लॅब भिंतीबाहेर काढलेल्या कडेसह ३१२ चौरस फूट होतो. साडेचार इंच जाडी धरली तर २७ पोती सिमेंट, अर्धा ब्रास वाळू, एक ब्रास खडी, मधल्या भिंतीवरच्या जादा सळयांसह अडीच क्विंटल लोखंड, सेंट्रिंगचे भाडे, मिक्सर आणि दहा-बारा माणसे. मिळून ४५ ते ५० हजार, आणि त्यातला बराचसा भाग रोखीने, त्याच आठवड्यात. दुकानदाराकडे खाते असलेल्याला जमते. नसलेल्याच्या स्लॅबवर काय होते ते आम्ही सांगतो. दुपारी तीन वाजता तीन पोती कमी पडतात. बाजार दहा किलोमीटरवर. मग एक तर उरलेला माल पाणी वाढवून पुरवला जातो, नाही तर कडेची पट्टी दुसऱ्या दिवशी टाकली जाते. पाणी वाढवलेला भाग सच्छिद्र राहतो. दुसऱ्या दिवशीची पट्टी जुन्या काँक्रीटला धरत नाही, आणि पहिल्याच पावसाळ्यात बरोबर त्या रेषेत ओल उतरते. ओल सळईपर्यंत गेली की पाच-सात वर्षांत प्लास्टर फुगून खाली पडते. सेंट्रिंग दिवसाच्या भाड्यावर आणलेले असेल तर टेकू लवकर काढले जातात. भारतीय मानक ४५६ प्रमाणे साडेचार मीटरपर्यंतच्या गाळ्याला टेकू किमान ७ दिवस हवेत. आज बाजारात मिळते ते बहुतेक पीपीसी (राख मिसळलेले) सिमेंट, त्याला आम्ही १० ते १४ दिवस ठेवतो. पाणी मारायचेही निदान १० दिवस, आणि एप्रिल-मेच्या उन्हात १४.

पाण्याचा खर्चही कोणी धरत नाही. मराठवाड्यात बांधकामाचा हंगाम आणि पाणीटंचाईचा हंगाम एकच. जिथे पिण्याचे पाणी टँकरने येते तिथे स्लॅबवर आळी करून पाणी भरून ठेवा म्हणणे सोपे आहे, पण ते पाणी विकत आणावे लागते. अंदाजपत्रकात निदान चार-पाच टँकर धरायलाच हवेत. गोणपाट अंथरून ओले ठेवले तर पाणी निम्म्याने वाचते.

पैसा कमी पडला की आधी काय कापले जाते, हेही तुम्हाला माहीत असावे. फरशी, रंग, दरवाजे कापले जात नाहीत, कारण ते दिसतात. कापला जातो खिडकी-दाराच्या वरून सगळ्या भिंतींवर सलग फिरणारा काँक्रीटचा पट्टा. फक्त दारावर तुकडा टाकून भागवतात. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसरात दगड-मातीच्या जाड भिंती आणि वरची जड माळवदे कोसळून हजारो माणसे गेली. त्या भिंतींचे कोपरे एकमेकांना बांधलेले नव्हते. हा पट्टा तेच काम करतो. तो घराभोवती सलग असेल तर भिंती एकेकट्या बाहेर पडत नाहीत. आमच्या ७८ फूट भिंतीला तीन इंच जाडीचा पट्टा, आत १० मिलिमीटरच्या दोन सळया, दर सहा इंचांवर ६ मिलिमीटरची कडी. लोखंड ४० किलो, सिमेंट तीन-साडेतीन पोती, फळ्यांसह खर्च पाच हजारांच्या आसपास. लातूर-धाराशिवमध्येसुद्धा हे पाच हजार वाचवले जातात, आणि फोटोत ते कळत नाही, कारण फोटो समोरून काढलेला असतो. तपासणीच्या यादीत ‘चारही कोपऱ्यांत पट्टा सलग आहे का’ हा एक रकाना वाढवा आणि त्याचा जवळून काढलेला फोटो मागा.

बँकांकडे वळतो. गावठाणातल्या घराला कर्ज नाकारताना नेहमीचे उत्तर असते की नमुना आठ हा कर आकारणीचा उतारा आहे, मालकीचा पुरावा नाही. कायद्याने ते बरोबर आहे. पण एप्रिल २०२० पासून स्वामित्व योजनेत ड्रोनने गावठाणांची मोजणी होऊन मिळकत पत्रिका निघत आहेत, त्या नेमक्या याच अडचणीसाठी. जिथे मिळकत पत्रिका आली आहे तिथे शाखांनी तारण म्हणून ती घ्यावी, असे लेखी परिपत्रक प्रत्येक अग्रणी बँकेने काढावे. आज एकाच तालुक्यात एक शाखा ती घेते आणि दुसरी ‘वरून काही आलेले नाही’ म्हणते.

बहुतेक प्रकरणे अडतात ती वारसांच्या नावांवर. जागा आजोबांच्या नावावर, वारस सात, त्यातले दोन पुण्याला. मंजुरीपत्र हातात पडल्यावर वारस नोंद आणि हक्कसोडपत्र करायला धावाधाव सुरू होते. तहान लागल्यावर विहीर खणायची. पात्र लाभार्थ्यांची यादी ग्रामसभेत वाचली जाते त्याच दिवशी गावात वारस नोंदीचे शिबिर लावले तर मंजुरी येईपर्यंतचा सगळा काळ कामी येईल. मराठवाड्यात त्यातही आणखी एक गुंता आहे. हैदराबाद संस्थानाच्या काळापासून चालत आलेल्या इनामी आणि भोगवटादार वर्ग २ च्या, म्हणजे सरकारी परवानगीशिवाय विकता किंवा गहाण ठेवता न येणाऱ्या, जमिनींवर कितीतरी वस्त्या बसलेल्या आहेत. सातबाऱ्यावर वर्ग २ दिसला की बँकेच्या पॅनलवरचे वकील फाईल परत करतात. त्या कुटुंबाला ‘ही जमीन वर्ग १ करून आणा’ एवढेच सांगून पाठवले जाते, कुठल्या कार्यालयात आणि किती नजराणा भरून हे कोणी सांगत नाही. गावठाणाच्या हद्दीपासून २०० मीटरच्या आतल्या जमिनीला महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम ४२-ड प्रमाणे निवासी अकृषिक वापर मानला जातो. तरी शाखा स्वतंत्र एनए (अकृषिक) आदेश मागतात. तहसील कार्यालयाने अशा गटांची यादी आपणहून बँकांना दिली तर शेकडो फायली मोकळ्या होतील.

मार्जिनचा, म्हणजे कर्जदाराने स्वतः घालायच्या वाट्याचा, प्रश्न वेगळा आहे. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे ३० लाखांपर्यंतच्या गृहकर्जात मालमत्तेच्या किमतीच्या ९० टक्क्यांपर्यंत कर्ज देता येते. शाखांमध्ये मात्र नुसत्या बांधकामाच्या अंदाजपत्रकाचे २० ते २५ टक्के ‘आधी तुमचे घाला’ म्हणून सांगतात. ज्याची स्वतःची जागा आहे त्याने त्याचा वाटा आधीच घातलेला आहे. जागा दीड लाखाची, बांधकाम पाच लाखांचे, तर साडेसहा लाखांच्या ९० टक्के ५,८५,००० होतात, आणि बांधकामाचा सगळा खर्च कर्जात बसतो. फेडण्याची ताकद तपासून जेवढे द्यायचे तेवढेच द्या. पण ‘तुमचा वाटा रोख दाखवा’ या अटीने शिल्लक नसलेला माणूस दारातूनच परत जातो, किंवा तो वाटा सावकाराकडून आणून दाखवतो. त्याने बँकेची जोखीम कमी होत नाही, फक्त तिच्या कागदांवर दिसेनाशी होते.

टप्प्याटप्प्याने कर्ज देताना व्याज उचललेल्या रकमेवरच लागते. तीन लाखांपैकी ७५,००० उचलले तर ९ टक्क्यांनी महिन्याला ५६३ रुपये. म्हणजे पहिला टप्पा आधी दिल्याने कर्जदारावर मोठा बोजा पडत नाही. एप्रिल २०२४ मध्ये रिझर्व्ह बँकेने स्पष्ट केले आहे की व्याज मंजुरीच्या तारखेपासून लावू नये, रक्कम प्रत्यक्ष दिल्यापासून लावावे. १ ऑक्टोबर २०२४ पासून प्रत्येक किरकोळ कर्जासोबत मुख्य तथ्य विवरणपत्र देणे बंधनकारक आहे आणि ते कर्जदाराला समजणाऱ्या भाषेत असले पाहिजे. ते मराठीत द्या. त्यात प्रक्रिया शुल्क, वकील, मूल्यांकन, विमा सगळे धरून वर्षाचा खरा दर एका ओळीत लिहिलेला असतो. त्या एका ओळीने बँकेचे कर्ज आणि दारात आलेले कर्ज यांतला फरक कोणालाही कळेल. आणि कर्ज कधीच घेतलेले नाही, म्हणून पतगुणांक नाही, एवढ्याच कारणावरून पहिल्या कर्जदाराला परत पाठवू नका. तेही नियमात बसत नाही.

आम्हाला काय हवे ते नेमके सांगतो. जोत्याचा पैसा दोन भागांत द्या: मंजुरीसोबत खोदाईचा आणि दगडाचा, आणि चर मुरमापर्यंत गेल्याच्या फोटोवर उरलेला. चर उघडा असताना खोलीची पट्टी लावून फोटो काढला तर पायाची तपासणीही खरी होईल. आज ती जोते झाल्यावर, पाया मातीखाली गेल्यानंतर होते. स्लॅबचा हप्ता सेंट्रिंग ठोकून सळई बांधल्यावर, काँक्रीट टाकण्याच्या आधी द्या. हा फोटो गवंड्याच्या दृष्टीनेही महत्त्वाचा आहे, कारण सळई किती आणि किती अंतरावर हे त्याच दिवशी दिसते, नंतर कधीच नाही. फोटो चढल्यापासून रक्कम खात्यात जमा होईपर्यंत सात दिवसांहून जास्त लागू नयेत. बांधलेली सळई आणि भाड्याचे सेंट्रिंग त्याहून जास्त थांबू शकत नाही.

आवास योजनेत लाभार्थ्याला वित्तसंस्थेकडून ७०,००० रुपयांपर्यंत कर्ज मिळवून द्यायची तरतूद पहिल्यापासून आहे. ९ टक्क्यांनी ५ वर्षांसाठी त्याचा हप्ता १,४५३ रुपये बसतो. मंजुरीपत्रासोबतच या कर्जाचा अर्ज भरून घ्या आणि ज्या खात्यात अनुदान येते त्याच शाखेकडे तो द्या. अनुदानाचे पुढचे हप्ते त्याच खात्यात येणार असतात, याहून चांगली हमी कुठली? घरातली बाई उमेदच्या (राज्याच्या ग्रामीण जीवनोन्नती अभियानाच्या) बचत गटात असेल तर गटाची शिफारस जोडा. गटाच्या ३ लाखांपर्यंतच्या कर्जाला ७ टक्के दर आहे, पण ते पैसे दहा जणींत वाटले की एकीला ३०,००० येतात. त्यातून घराचे जोते उभे राहत नाही, दारे-खिडक्यांचे भागते. गटाचा पैसा तिथेच वापरू द्या.

बीड, धाराशिव, परभणी, जालन्यातली हजारो कुटुंबे दिवाळीच्या सुमारास कोयता घेऊन ऊसतोडीच्या फडावर जातात आणि मार्च-एप्रिलमध्ये परततात. डिसेंबरात मंजुरी आणि ‘एवढ्या दिवसांत जोते पूर्ण करा’ अशी नोटीस बंद घराला लावून उपयोग नाही. मुकादमाची उचल घेतलेला माणूस फड सोडून येऊ शकत नाही. काही जण त्या उचलीतूनच पाया घालतात, म्हणजे पुढच्या हंगामाची मजुरी आताच खर्च होते. या कुटुंबांचा पहिला हप्ता मार्चअखेर द्या आणि त्यांच्या स्लॅबचे पैसे मेच्या पहिल्या आठवड्यात पोहोचतील असे पाहा. वाळूचेही वेळापत्रक तेच सांगते. पावसाळ्यात, १० जून ते ३० सप्टेंबर, नदीतून वाळू उपसता येत नाही. २०२५ च्या वाळू धोरणाने घरकुलाला ५ ब्रास वाळू मोफत दिली आहे आणि २७० फुटांच्या घराला ती जवळजवळ पुरते. पण पास जूनमध्ये मिळाला तर तो कागदच राहतो. पास मंजुरीपत्रासोबत द्या.

हे पत्र घर बांधायला निघालेले लोकही वाचतील, म्हणून त्यांच्यासाठी थोडे. अनुदान २७० फुटांचे आणि आखणी ५५० फुटांची, हे घर थांबण्याचे दुसरे मोठे कारण आहे. ‘एकदाच बांधायचे तर मोठे बांधू’ ही इच्छा आम्हाला समजते. पण दोन खोल्या पूर्ण करून राहायला जा आणि तिसरीची सोय ठेवा. ज्या बाजूला ती खोली जोडायची तिथे भिंतीला एकाआड एक थर बाहेर काढून दाते सोडा, पट्ट्याची सळई दोन फूट पुढे ठेवा आणि तिला सिमेंटचे पाणी लावून पातळ काँक्रीटने झाका. उघडी सळई दोन पावसाळ्यांत गंजते. सिमेंट टप्प्यापुरतेच आणा. लोखंड आणि सिमेंट मात्र स्लॅबच्या आदल्या दिवशी मोजून घ्या आणि तीन पोती जास्त ठेवा. उरली तर प्लास्टरला लागतातच. शाखेत जाण्याआधी स्वतःचा पतअहवाल काढा, प्रत्येक पत माहिती कंपनीकडून तो वर्षातून एकदा मोफत मिळतो. फिटलेले कर्ज त्यात चालू दिसत असेल तर आधी ते दुरुस्त करून घ्या. जागेचे खरेदीखत तारण म्हणून कोणालाही करून देऊ नका. आणि ज्यांच्याकडे जागाच नाही त्यांनी पंडित दीनदयाळ उपाध्याय घरकुल जागा खरेदी योजनेसाठी पंचायत समितीत अर्ज करावा, ५०० चौरस फुटांपर्यंतच्या जागेला एक लाखापर्यंत मदत मिळते.

महोदय, पुढच्या तिमाही बैठकीत एक तक्ता मागवा. तालुकावार, पहिला हप्ता मिळून ९० दिवस झाले आणि जोते झालेले नाही अशी किती घरे. मुरूम किती फुटांवर. पूरक कर्जाचा अर्ज कोणत्या शाखेत कोणत्या तारखेपासून आहे. मिळकत पत्रिका आहे की नाही. चारच रकाने. गटविकास अधिकाऱ्यांकडे आणि शाखांकडे ही माहिती तुकड्यातुकड्यांत आहे, ती एका कागदावर आणायला आमचे लोक प्रत्येक तालुक्यात मदत करतील. बैठक मार्चच्या आत झाली तर या वर्षीचे चर पावसाआधी भरता येतील.

आपले,
मराठवाड्यात घरे आखणारे, बांधणारे आणि त्यांची कागदे जुळवणारे आम्ही